ब्रेकमधली मोट

जिंतूरला माझी बदली झाली तेव्हा निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी सगळं उर्दूतून शिकलेला, आणि आता पोरांना भूगोल मराठीतून शिकवायचा. आधी धडा पाठ करायचा आणि मगच वर्गात उभं राहायचं, अशी माझी मास्तरकी होती. राहायला मी थोरल्या बहिणीकडं होतो. आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, कापसाची अडत चालवायचे आणि त्यांच्याकडं मोटार होती. एक जुना अंमलदार गाव सोडून हैदराबादेला परत जाताना ती त्यानं दाजींच्या गळ्यात मारली, की दाजींनीच ती त्याच्याकडून उपटली, हे मला कधी नीट कळलं नाही. दाजी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी सांगायचे.

मोटार दाजी स्वतः चालवायचे. मागं मी बसायचो. बाहेर दाराखालच्या फळीवर, दाराला धरून, मामा उभे असायचे. मामा म्हणजे घरचा गडी. चारठाण्याकडच्या एका खेड्यातले, चाळिशी गाठलेले, सडपातळ. आक्काही त्यांना मामाच म्हणायची. मोटारीवर त्यांचं काम एकच होतं. गाडीचे ब्रेक लागतच नव्हते. गिअर बदलून ती हळू व्हायची, पण थांबायची नाही. मग दाजी ओरडायचे, "लाव!" की मामा फळीवरून उडी टाकायचे, गाडीबरोबर चार पावलं पळायचे आणि बाभळीचा ठोकळा चाकाखाली सरकवायचे. गाडी आचका देऊन थांबायची. बाजारातली माणसं हसायची. आतमध्ये बसून मीही हसायचो. हे लिहितानासुद्धा मला माझ्या त्या हसण्याची शिसारी येते, पण हसत होतो हे खरं आहे.

त्या गाडीला एक वासही होता. दाजींनी पायानं ब्रेक दाबला की जळक्या केसांसारखा, नासक्या मांसासारखा घाण भपकारा यायचा. दाजी धोतराचा सोगा नाकाला लावायचे आणि म्हणायचे, "कुठंतरी ढोर मेलंय बघा. गावाला शिस्त म्हणून राहिली न्हाई." मी आपला रस्त्याच्या कडेला मेलेलं ढोर शोधायचो.

दिवाळी झाली, कापूस यायला लागला. एका दुपारी आम्ही नदीच्या उतारावरून गावाकडं येत होतो, आणि समोर कापसाची भरलेली बैलगाडी आडवी झाली. दाजी दोनदा ओरडले, "लाव! लाव!" मामांनी उडी टाकली. ठोकळा लागला, पण घाईत तिरपा लागला, आणि चाक त्याच्यावर चढून पुढं सरकलं. गाडी थांबली. मामांचा डावा हात चाक आणि ठोकळा यांच्यामध्ये होता. ते खाली बसल्या बसल्या म्हणाले, "मालक, गाडी माघारी घ्या."

गाडी मागं घेतल्यावर दाजी खाली उतरले. आधी त्यांनी पुढचा पत्रा पाहिला, बैलगाडीला घासून ओरखडा गेला होता तो. त्यावर बोट फिरवलं. मग मामांकडं वळून म्हणाले, "हात कुठं ठेवावा एवढं कळत न्हाई का रे?" मामांना गाडीत घ्यायचं ठरलं तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, आधी शिटावर पोतं टाका."

मी पोतं टाकलं. नीट, चारी कोपरे ओढून टाकलं. मग मामांना बसवलं.

दवाखान्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढून टाकावं लागलं. मी बाहेर उभा होतो. दाजी थांबले नाहीत, त्यांचा कापूस वजनावर होता. संध्याकाळी घरी जेवायला बसले तेव्हा त्यांनी दोनदा वरण मागून घेतलं, आणि बोटं चाटत म्हणाले, "दुसरा गडी बघाय पायजे. ह्याच्यानं आता पळणं व्हायचं न्हाई."

आक्का वाढत होती. तिनं पळी वरणाच्या भांड्यात ठेवली.

"ब्रेक नीट झाल्याबिगर गाडी दारातून हलायची न्हाई," ती म्हणाली.

"मेस्त्री परभणीला हाय. तिथवर न्यायला ब्रेक लागतोच की," असं म्हणून दाजी स्वतःच्याच बोलण्यावर हसले. तोंडातलं शीत ताटाबाहेर उडालं. ते त्यांनी उचललंही नाही.

आक्का माझ्याकडं वळली. "तू करशील?"

हैदराबादेला शिकताना मी एका मोटार दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर राहायचो. सुट्टीच्या दिवशी खाली जाऊन मेस्त्र्यांची कामं बघत बसायचो. गाडी थोडी चालवायला शिकलो होतो, पण दुरुस्ती नुसती बघितली होती, पाना कधी हातात धरला नव्हता. तरी मी हो म्हणालो. त्या घरात त्या ताटावर बसून नाही म्हणणं मला जमलं नसतं.

रविवारी अंगणात आम्ही गाडी जॅकवर उचलली आणि खाली विटा रचल्या. पुढचं चाक काढलं. चाकाच्या आत लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. ड्रमच्या आत अर्धगोल दोन लोखंडी पट्ट्या असतात. ब्रेक दाबला की त्या फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. त्या पट्ट्यांवर खास कडक लायनर बसवलेलं असतं, आणि झिजतं ते लायनर. एवढं मला माहीत होतं. मी ड्रमला लाकडाच्या ठोकळ्यानं चारी बाजूंनी ठोकलं आणि ओढला.

ड्रम निघाला तसा वास अंगावर आला. आत काळा, बुळबुळीत चिखल होता, त्यात ग्रीस आणि पावसाळ्याचं पाणी मुरलेलं. त्या चिखलात जाड चामड्याचे तुकडे होते. एका बाजूनं जळून कोळसा झालेले, दुसऱ्या बाजूनं कुजून फुगलेले. मी बोटानं एक तुकडा सोडवायला गेलो तर त्याचा लगदा नखात शिरला. खालच्या खाचेत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी उठलो आणि तुळशीपासून लांब जाऊन भिंतीशी ओकलो.

तेवढ्यात मामा आले. हात फडक्यात गुंडाळून गळ्यात बांधला होता. त्यांनी वाकून ड्रममध्ये पाहिलं.

"ही आपल्या मळ्यातली मोट हाय," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी चामड्यावरची भोकं दाखवली. विहिरीतून पाणी काढायच्या मोटेची शिवण होती ती. गेल्या वर्षी लायनर झिजलं तेव्हा दाजींनी परभणीहून नवं आणायच्या ऐवजी मळ्यातली फाटकी मोट कापून तिचे तुकडे आत ठोकून घेतले होते.

"कुणी ठोकले?"

"म्याच. मालकानं सांगितलं, म्या ठोकले. चार दिवस बरे चालले. मग वास यायला लागला."

"आणि तुमी तरी त्या गाडीवर उभं राहायचे?"

"मास्तर, गाडीत तर तुमी बसायचे," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "थांबत न्हाई हे सगळ्यालाच ठाव होतं. तुमी लय हसायचे."

मी खाली बसलो आणि दुसरं चाक काढायला घेतलं. त्यांच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

दाजी ओसरीवर आले तर त्यांना अळ्या दिसल्या. हे दाजी चामड्याची पिशवीसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. कुणी वहाणा घालून ओटीवर चढलं तर पाणी शिंपडायचे. "शी! माझ्या अंगणात काय घाण मांडलीय ही!" असं म्हणत ते अंघोळीला गेले. आतून तांब्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मागची चाकं आडमुठी निघाली. ड्रम हलेना. पाना लावून हात सोलले, हातोडीनं काही होईना. मामा म्हणाले, "चाक परत बसवा. मधला नट जरा ढिला सोडा आणि गाडी अंगणात मागं-पुढं ढकला." विटा काढून मी आणि आक्कानं ढकलली. मामा उजवा खांदा लावत होते. सातव्या की आठव्या खेपेला कटकन आवाज झाला आणि ड्रम सुटला. आत तीच घाण. आक्कानं पदर कमरेला खोचला, रॉकेलचा डबा आणला आणि काथ्यानं सगळं घासायला बसली. तिनं नाकाला काही लावलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ह्या घरात आता नाक कुठं कुठं धरू?"

सोमवारी रजा टाकून मी बसनं परभणीला गेलो. एक अर्धगोल पट्टी नमुन्याला पिशवीत घेतली होती. रॉकेलनं धुतली तरी तिला वास होता. शेजारचा माणूस दोनदा माझ्याकडं बघून उठून मागं जाऊन बसला. लायनर आणि तांब्याची रिबिटं घेऊन मी परत आलो.

पुढचे तीन दिवस शाळा सुटली की तेच काम. लायनर पट्टीवर धरायचं, सुताराकडून आणलेल्या सामत्यानं, म्हणजे दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटानं, भोकं पाडायची, भोकाचं तोंड रुंद करायचं, म्हणजे रिबिटाचं डोकं आत बुडतं आणि ड्रमला घासत नाही. ऐरण म्हणून दाजींच्या काट्यावरचं मोठं लोखंडी वजन घेतलं. आक्का पट्टी दाबून धरायची, मी ठोकायचो. मामा आमच्या दोघांकडं लक्ष ठेवायचे. "मधून बाहेरच्या अंगाला जा. कडंपासून ठोकलं तर मधी फुगंल." पहिली पट्टी फुगलीच. ती उकलून पुन्हा केली.

ते संपेपर्यंत माझ्या हातांचा वास गेला नाही. राख लावली, लिंबू लावलं. भाकरी मोडताना वास यायचा. आक्का म्हणाली, "मला न्हाई येत वास." मला यायचा.

सगळं जोडल्यावर मी एकटाच गाडी घेऊन नदीच्या उतारावर गेलो.  मध्यावर ब्रेक दाबला. गाडी जागीच थांबली, इतकी की इंजिन बंद पडलं. वास आला नाही. मी तिथंच थोडा वेळ बसलो. आनंद व्हायला हवा होता. एवढ्याशा कामासाठी वर्षभर एक माणूस चाकापुढं पळवला, हेच डोक्यात घोळत राहिलं.

दाजींनी गंजात, म्हणजे अडतीच्या बाजारात, सांगितलं की त्यांनी खास हैदराबादेहून सामान मागवून ब्रेक बसवून घेतले. मी समोरच उभा होतो. लोक वाहवा करत होते, आणि दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खांदा काढून घेतला. त्या महिन्यात मी शाळेजवळ खोली बघितली. आक्कानं अडवलं नाही. तिला मात्र त्याच घरात राहायचं होतं, त्याच गाडीत बसून सणावाराला जायचं होतं, आणि ती तशीच जात राहिली.

मामांना शाळेत शिपाई म्हणून घ्यावं यासाठी मी हेडमास्तरांकडं खेपा घातल्या. तीन बोटांच्या हातानं घंटा देता येईल का, असं त्यांनी विचारलं. घंटा उजव्या हातानं देतात, मी म्हणालो. मामा लागले.

वर्षाअखेरीला बक्षीस समारंभाला दाजी पाहुणे म्हणून आले, मोटारीतून. फाटकाशी मामा उभे होते. दाजींनी काच खाली केली, "काय, बरं हाय ना?" म्हणून एक सिगरेट पुढं केली. मामांनी ती घेतली.  गाडी आत गेल्यावर मी म्हणालो, "घ्यायची नव्हती, मामा."

"का? चांगली हाय की," मामा म्हणाले. त्यांनी सिगरेट कानावर ठेवली आणि समारंभाची घंटा द्यायला गेले.