उलटवलेलं वाक्य

आमच्या घरात कुणी काही ठासून बोललं की समोरून एकच शब्द येतो, "संदर्भ?" मी म्हणावं, आज गारठा वाढलाय, की बायको चष्म्याच्या वरून बघत विचारणार, "संदर्भ?" लग्न झालं तेव्हा ही अशी नव्हती. तेव्हा माझ्या थापा मुकाट्यानं ऐकून घ्यायची आणि वर हसायचीसुद्धा.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. काच केसभर सरकली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणून तिला सगळंच केसभर मोजायची सवय. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट मजल्याच्या जरा खाली थांबली तर लोकांनी पाय उचलावा, असं माझं मत. एवढ्या फरकावर आमचा संसार मजेत चाललाय.

ज्ञानकोशाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते धाकट्या भावामुळे. कॉलेजात असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. रिकाम्या खोलीत त्याला आवाज ऐकू यायचे आणि ते त्याच्याबद्दलच वाईटसाईट बोलायचे. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आजाराचं नाव सांगितलं. त्या नावाखाली मराठीत काही वाचायला मिळतं का, म्हणून ही शोधायला बसली. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, त्यात कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं. तिथे चार ओळींचा लेख सापडला. शेवटची ओळ होती, 'हे रुग्ण हिंसक असतात.' त्या वेळी आतल्या खोलीत तो हिंसक रुग्ण मांजराला कुशीत घेऊन झोपला होता. ती ओळ काढायला म्हणून हिनं तिथे खातं उघडलं, आणि आजतागायत ती तिथून उठलेली नाही.

चार ओळींचा लेख आता लांबच लांब झालाय. मनाच्या आजारांवरचे लेख लिहिणारी त्यांची एक मंडळीच आहे. सगळे बिनपगारी आणि कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. त्यातला सगळ्यात खडूस सभासद 'जुनं कासव' या नावानं लिहितो. मनोरुग्णालयात परिचारक होता, आता निवृत्त. छापलेला पुरावा नसलेलं वाक्य दिसलं की कासव ते उलटवतं, म्हणजे काढून लेख होता तसा करतं. नाव कासव, पण या कामात सशाच्या वरताण.

माझा मेहुणा आता रोपवाटिकेत कामाला आहे. गोळ्या वेळेवर घेतो, डॉक्टरांकडे न चुकता जातो. दर रविवारी आमच्याकडे येतो आणि बुद्धिबळात मला धूळ चारतो. मला तो फार आवडतो. हरल्यानंतर थोडा वेळ कमी आवडतो, इतकंच.

तर हा मेहुणा एका रविवारी माझा वजीर खाऊन, पटावरची नजर न उचलता म्हणाला, "ताई, एक सांगायचंय."

रोपवाटिकेत एक बाई नेहमी येतात. दातांच्या कवळ्या बनवतात. हाताला इतकी बारीक कला, पण घरात एक रोप जगत नाही. सारखी मरतात, म्हणून सारख्या येतात. मी लगेच म्हणालो, "अरे, रोपं मरत नाहीत, मारली जातायत." मेहुणा कानापर्यंत लाल झाला.

"तिला आजाराचं सांगितलं नाहीये अजून," तो म्हणाला. "बोलायला गेलो की घशातच अडकतं. म्हणून म्हटलं, शनिवारी तिला तुझा लेख वाचायला देतो. रविवारी इथे चहाला बोलावलंय. वाचून आली तर आली. नाही आली तर समजून जायचं."

बायकोनं तिथल्या तिथे आपला लेख उघडून पहिल्यापासून वाचायला घेतला. रात्री तिला जेवण गेलं नाही. त्या लेखात लक्षणं होती, कारणं होती, औषधं होती. पण हा आजार घेऊन माणूस जगतो कसा, नोकरी, घर, सोबत, याबद्दल अवाक्षर नव्हतं. तो भाग कुणीतरी लिहील म्हणून सगळ्यांनी आजवर टोलवला होता. आणि तिच्या भावाचं आख्खं आयुष्य त्या न लिहिलेल्या भागातच होतं.

सोमवारी दुकानात जाण्याआधी ती कॉम्प्युटरवर बसली आणि इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. पुराव्याविना लिहिलं. 'योग्य उपचार मिळाल्यास हे रुग्ण नोकरी करतात, रोपं वाढवतात, मांजरं सांभाळतात आणि बहिणीच्या नवऱ्याला दर रविवारी बुद्धिबळात हरवतात.'

तिची चप्पल पायात जायच्या आत कासवानं ते उलटवलं. खाली शेरा, 'संदर्भ हवा.'

"मेलं झोपत नाही का कधी?" ती कडाडली.

मी वाक्य वाचलं आणि म्हणालो, "अगं, जगजाहीर केलंस मला! विचारायचंस तरी!"

"अहो, उडालं ते. तुमची अब्रू वाचली, गप्प बसा." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला इतकी घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग मलाही भीती वाटायला लागली.

लेखाच्या चर्चेच्या पानावर तिनं कासवाला चांगलंच सुनावलं. उत्तर आलं, 'ताई, वाक्य खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. असे कितीतरी जण मी वॉर्डातून घरी जाताना पाहिलेत. पण तुमचं आणि माझं पाहणं इथे चालत नाही. बसा, आपण शोधू.'

आणि ते दोघं आठवडाभर शोधत बसले. कासव संशोधनांचे अहवाल काढून द्यायचं, ही ते सोप्या मराठीत उतरवायची, मग कासव तिची विशेषणं छाटायचं. शुक्रवारपर्यंत तो भाग तयार झाला. वाक्यागणिक संदर्भ. नोकरीत मदत मिळाली तर अनेक जण टिकून काम करतात, गोळ्या मनानं बंद करू नयेत, घरच्यांची साथ मोठी असते, असं सगळं.

"किती कोरडं झालंय," बायको म्हणाली. "यात माझा भाऊ कुठेय?"

शनिवारी मेहुण्यानं लेख पाठवला. रविवारी तो आला आणि पट न मांडता खिडकीशी उभा राहिला. चहाचं आधण दोनदा आटलं. मी विनोद करून पाहिले, कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही.

दार वाजलं. कवळीवाल्या बाई उभ्या होत्या, हातात सुकलेल्या रोपाची कुंडी. मेहुण्याकडे कुंडी देऊन त्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं.

"बहिणीचे नवरे ते तुम्हीच का? दर रविवारी हरणारे?"

मी आ वासून बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "पण ते तर मी लिहिल्या लिहिल्या काढलं त्यांनी!"

"इतिहासात आहे की," त्या म्हणाल्या. त्या ज्ञानकोशात काढलेलं वाक्यसुद्धा लेखाच्या इतिहासात राहतं, कुणालाही बघता येतं. ही गोष्ट आम्ही साफ विसरलो होतो. "दुसऱ्यानं घेतलेलं माप मी कधी धरत नाही. यांनी सांगितलं, लेख ताईचा आहे. मग म्हटलं, ताईंनी स्वतः काय काय लिहिलंय ते बघू. बघत बघत मागे गेले. लेख सगळा वाचला, पण तुमचे भाऊ कुठे दिसले तर त्या काढलेल्या वाक्यात. आणि खाली लिहिलेलं, संदर्भ हवा." त्यांनी पटाजवळची खुर्ची ओढली. "म्हणून बघायला आले."

मग मेहुण्याकडे वळून त्या म्हणाल्या, "गोळ्या मनानं बंद करू नयेत, असं लिहिलंय त्यात. मी मधूनमधून विचारीन. चालेल?"

त्यानं कुंडी छातीशी धरलेली होती. "चालेल," तो म्हणाला.

मी पट मांडला. त्या दिवशी मुद्दाम हरायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण तेवढी सवड त्यानं मला दिलीच नाही.

संध्याकाळी बायकोनं कासवाला सगळी हकिकत लिहिली. कासवाचं उत्तर लगेच आलं. 'वाचून फार आनंद झाला, ताई. लेखात मात्र घालू नये.'