पोर्ट सैदची दहा पियास्तरची नोट

पोर्ट सैदला मी ज्या माणसाला चोर ठरवलं त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. तो चोर नव्हता, हे मला त्याच दिवशी, बोट सुटायच्या दीड तास आधी कळलं. मला लाज वाटते ती त्या दीड तासाची.

सन चौतीस-पस्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. मी नाशिकरोडला नोटा छापण्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात होतो. छापून आलेला प्रत्येक ताव उजेडाला धरायचा, पाण्याचा छाप बघायचा, शाई कुठे फुटली का, आकडा सरकला का ते बघायचं, आणि सदोष ताव बाजूला काढायचा. दिवसभर हेच काम. माझा डोळा चांगला होता, आणि साहेब तसं चारचौघांत बोलून दाखवायचे. त्यातूनच नव्या यंत्राचं काम शिकायला सहा महिन्यांसाठी विलायतेला पाठवायच्या दोघांत माझी निवड झाली. दुसरा आयत्या वेळी विषमज्वराने आजारी पडला, आणि मी एकटाच निघालो.

नाशिकात तेव्हा कोणी विलायतेला निघालं की गावभर होई. वडिलांचं भांडी बाजारात तांब्यापितळेचं लहानसं दुकान होतं. त्र्यंबकेश्वराला जाणारे-येणारे यात्रेकरू आमच्याकडून गंगाजलासाठी गडू घ्यायचे. आठ दिवस वडील गडू विकण्याऐवजी माझ्या प्रवासाचीच माहिती देत बसले होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "परक्या मुलखात पैसा जपून हाताळ. तुला काय सांगायचं म्हणा, तुझं तर कामच ते."

बोटीवर माझ्या केबिनमध्ये साताऱ्याकडचा एक तरुण होता. वकिलीच्या अभ्यासाला निघालेला, बोलका, थट्टेखोर. माझी नोकरी कळल्यावर त्याने ती जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितली. "हे नाशिककर. आपल्या खिशातली नोट यांच्या नजरेखालून गेलेली आहे बरं का!" एडनपर्यंत चलनाचा प्रश्न नव्हता, तिथे आपलाच रुपया चालायचा. पुढे इजिप्तचं, म्हणजे मिसरचं, पोर्ट सैद आलं तसं सगळे म्हणू लागले की तिथले सराफ महालबाड, आपल्या माणसांना हमखास फसवतात. तेव्हा पाच जणांनी एकेक इंग्रजी पौंड माझ्या हातात ठेवला. "तुम्हीच बदलून द्या. तुम्हाला कोण फसवणार?"

मी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं.

धक्क्यावरून वर आलं की दुकानांची रांग होती. तिथे एका सिंधी माणसाच्या रेशमी कापडाच्या दुकानाच्या पायरीशी हा सराफ बसलेला होता. पन्नाशीचा असेल. अंगात लांब झगा, डोक्यावर विटलेली लाल टोपी, एका डोळ्यात मोतीबिंदू. समोर काचेची चपटी पेटी आणि तिच्यात नाण्यांच्या चळती. मुंबईच्या बोटी येऊन येऊन तो आकडे हिंदुस्थानीत शिकला होता. मी सहा पौंड पुढे केले, पाच त्यांचे आणि एक माझा, आणि तो "एक, दो, तीन" करत हळूहळू नोटा मोजू लागला.

मी कुठेतरी वाचलं होतं की एका पौंडाचे पियास्तर शंभर. तो देत होता साडेसत्त्याण्णव. मी म्हटलं, "सौ." त्याने मान हलवली. "इंग्लिश नो सौ." शंभर पियास्तर हे त्यांच्या स्वतःच्या पौंडाचे, इंग्रजी पौंडाची किंमत त्याहून थोडी कमी, हे मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हे माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, सापडला.

मग मी त्याने दिलेल्या नोटा एकेक करून उन्हाला धरायला लागलो. मागे सातारकर आणि बाकीचे कोंडाळं करून उभे होते. मोठ्या नोटा ठीक होत्या. मध्येच एक दहा पियास्तरची लहान नोट आली. कागद साधा, पाण्याचा छाप नाही, किनारीची छपाई भरड. आमच्याकडे असला ताव आला असता तर मी क्षणभरही थांबलो नसतो. इथेही थांबलो नाही. ती नोट उंच धरून मी मोठ्याने म्हणालो, "ही खोटी आहे!"

"शाबास!" सातारकर ओरडला.

सराफाला शब्द कळला नसेल, पण अर्थ कळला. तो उठून उभा राहिला. नोटेकडे बोट दाखवून आपल्या भाषेत भराभरा सांगू लागला. तेवढ्यात दुकानातून तो सिंधी दुकानदार खाली आला आणि मला म्हणाला, "भाईसाहब, यह लड़ाई के टाइम का नोट है. पुराना है, लेकिन चलता है. मैं खुद लेता हूँ." मी त्याच्याकडे बघून हसलो. त्याचं दुकान सराफाच्या मागेच. यांचं संगनमत असणार हे उघड होतं. मी म्हटलं, "हमको मत सिखाओ. हम नोट छापते हैं."

हे वाक्य मी खरोखर बोललो. आजही कधी एकटा असताना ते आठवलं की मी तोंडाने काहीतरी आवाज करतो, म्हणजे ते ऐकू येऊ नये.

गर्दी जमली तसा एक पोलीस आला. त्याने काही विचारलं नाही. बोटीवरचे सुटाबुटातले सहा प्रवासी एका बाजूला आणि मोतीबिंदू झालेला सराफ दुसऱ्या बाजूला, एवढं त्याला पुरलं. त्याने वेताची काठी सराफाच्या खांद्यावर हाणली. सराफ मागे सरताना त्याचा पाय पेटीला लागला, काच फुटली, नाणी फरसबंदीवर घरंगळत गेली. तो गुडघ्यांवर बसून ती गोळा करू लागला. एका डोळ्याने नीट दिसत नसावं, कारण तो हात फिरवून फिरवून नाणी शोधत होता. पोलिसाने त्याच्याकडून आमचे सहाही पौंड परत घेतले आणि माझ्या हातावर ठेवले. मी त्याचे पैसे परत केले. फक्त ती दहाची नोट ठेवून घेतली. पुरावा म्हणून. आपल्याला खात्यात दाखवता येईल, असा विचार होता.

पैसे न बदलताच आम्ही परतलो. वाटेत सगळे माझी पाठ थोपटत होते. बोटीवर आल्या आल्या मी वडिलांना पत्र लिहिलं. चार पानं. परदेशात पाय ठेवताच एका भामट्याला कसा पकडला, पोलिसाने त्याचा कसा समाचार घेतला, सगळं. ते बोटीवरच्या टपालपेटीत टाकून मी चहाला गेलो.

चहाच्या टेबलावर सातारकराने ती नोट सगळ्यांना दाखवायला मागितली. ती हातोहात फिरत असताना बोटीवरचा हिशेबनीस, एक म्हातारा गोरा, शेजारून चालला होता. तो थांबला, नोट बघितली आणि सहज म्हणाला, "अरे, या अजून चालतात का? महायुद्धात काढल्या होत्या. कागद मिळत नव्हता ना तेव्हा. तुम्हाला नको असेल तर मी घेतो." त्याने खिशातून दोन शिलिंग काढून माझ्यापुढे ठेवले आणि नोट घेऊन गेला.

मग सातारकर म्हणाला, "त्या गोऱ्याला काय कळतंय? तुम्ही सांगितलंत ते खरं." त्याला मला सावरून घ्यायचं होतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय बदलला.

मी घड्याळात बघितलं. बोट सुटायला दीड तास होता. तिथून त्या दुकानापर्यंत चालत दहा मिनिटं. शिडी अजून लावलेली होती, लोक चढत-उतरत होते. मी दोनदा शिडीपर्यंत गेलो. पण उतरलो तर सातारकर विचारणार, कुठे निघालात? आणि जाऊन त्या माणसाला सांगणार काय, तेही कोणत्या भाषेत? त्या सिंध्याच्या तोंडून सांगावं लागणार. अशी कारणं मी एकापुढे एक रचत राहिलो आणि शिडी उचलली गेली. माझं पत्र परत मागायला हवं होतं हे तर टपालाची थैली उतरवताना दिसली तेव्हा सुचलं.

ते दोन शिलिंग मी मार्सेयला कॉफी पिऊन संपवले. ते खिशात नको होते म्हणून. सराफाचे पैसे मी कॉफीत घातले, हे पेला खाली ठेवल्यावर ध्यानात आलं.

सात महिन्यांनी परतताना बोट पुन्हा पोर्ट सैदला लागली. या वेळी मी सगळ्यांच्या आधी उतरलो. दुकानाची पायरी रिकामी होती. मी आत गेलो. सिंधी दुकानदाराने मान वर केली, आणि त्याने मला ओळखलं हे मला लगेच दिसलं.

"आइये," तो म्हणाला. "नोट छापनेवाले."

मी विचारलं, तो सराफ कुठे आहे. त्याने सांगितलं ते असं. त्या दिवशी आम्ही गेल्यावर पोलीस पेटी घेऊन गेला. चौकशी होऊन नोटा खऱ्या ठरल्या, पेटी परत मिळाली, पण तोवर आठवडा गेला होता. दरम्यान दुसऱ्या एकाने ती जागा धरली. आणि मुख्य म्हणजे बोटीवरच्या फेरीवाल्यांत, नावाड्यांत बोभाटा झाला की हा खोट्या नोटा देतो. त्याच्यापाशी कोणी थांबेना. दोन महिन्यांनी तो आपल्या गावी, भावाकडे गेला. अधूनमधून कापड न्यायला येतो.

मी खिशातून एक पौंड काढून त्याच्यापुढे ठेवला. "हा त्याला द्या."

"देईन की," तो म्हणाला. "पण तो विचारील, कशाचा? काय सांगू?"

मी म्हणालो, "सांगा की नोट खरी होती."

"ते त्याला तेव्हाही माहीत होतं, भाईसाहब," तो हिंदीतच, अगदी शांतपणे म्हणाला. "बाहेर गर्दी होती, तिला सांगायला पाहिजे होतं." त्याने पौंड गल्ल्यात न टाकता वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवला आणि मला चहा विचारला. मी तो प्यायलो नाही. त्यालाही वाईट वाटलं असेल.

नाशिकला आलो तर घरी माझ्या आधीच सगळं पोचलेलं. वडिलांनी ते पत्र दुकानात गल्ल्याखाली ठेवलं होतं. घड्या पडून पडून ते फाटायला आलेलं. गिऱ्हाईक गडू वाजवून बघत असताना वडील म्हणायचे, "आमच्या मुलाने तर मिसरात एक भामटा पकडला," आणि पत्र बाहेर यायचं. पंजाबातून, काशीहून आलेल्या यात्रेकरूंनाही त्यांनी ते मोडक्या हिंदीत ऐकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुकान आवरताना मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते झांजांच्या माळा उतरवत होते, तसेच उतरवत राहिले. सगळं ऐकून म्हणाले, "बरं. झालं ते झालं. आता इथे कोण तुला विचारायला येतंय?"

"पण तुम्ही ती गोष्ट सांगता ना."

"सांगतो," ते म्हणाले. "माणसं आवडीने ऐकतात."

आणि ते सांगत राहिले. त्यांना माझं म्हणणं पटलं नव्हतं अशातला भाग नाही. त्यांना बहुधा मुलाची ती चार पानं सोडवत नव्हती. मी शेजारी बसलेलो असलो तर गिऱ्हाईक माझ्याकडे कौतुकाने बघायचं, आणि मी खाली बघायचो. त्याला गिऱ्हाईक विनय समजायचं.

पुढल्या माघात बहिणीला बघायला नांदगावची मंडळी आली. मुलाचे वडील धान्याचे व्यापारी, मोजकं बोलणारे. पोहे झाले, आणि वडिलांनी सुरुवात केली. "हा आमचा मुलगा. विलायतेला जाताना वाटेत..." मला ठाऊक होतं की ही वेळ नाही. बहिणीचं ठरायचं होतं. तरीही मी म्हणालो, "बाबा, ती नोट खरी होती. चूक माझी होती. त्या माणसाचा धंदा बसला माझ्यामुळे."

आतून आईच्या बांगड्यांचा आवाज आला. नांदगावचे व्यापारी माझ्याकडे बघत होते. वडिलांनी पानाचं तबक पुढे ओढलं, एक पान उचललं, त्याचा देठ खुडला आणि म्हणाले, "हो का? मग माझ्याच वाचण्यात काही चूक झाली असेल. वय झालं आता. याने बरोबरच लिहिलं असणार."

त्यांनी कधी एक अक्षर चुकीचं वाचलेलं मी पाहिलं नव्हतं.

बहिणीचं तिथेच जमलं. त्या व्यापाऱ्यांना काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वडिलांनी ती गोष्ट पुन्हा कोणाला सांगितली नाही. मला ते रागावलेही नाहीत. फक्त त्या महिन्यापासून दुकानात एखाद्या रुपयाबद्दल शंका आली की तो माझ्यापुढे करायची त्यांची सवय मोडली. ते तो स्वतःच दगडावर टाकून ऐकत, दोनदा, कधी तीनदा, आणि मी समोर बसून राहत असे.