वहीत उतरलेलं नामाचं बोलणं

भुताखेताचं म्हणाल तर आमच्या गावातली निम्मी भुतं मीच होतो. पडक्या देवळामागं बसून बाईच्या आवाजात हाक मारायची आणि पळणाऱ्याचं धोतर कुठं सुटतंय ते बघायचं, हा माझा उद्योग. त्यामुळं दुसरा कुणी असलं काही सांगायला लागला की मी आधी फिदीफिदी हसायचो. आता मीच सांगतोय... हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

जामखेड तालुक्यात खर्ड्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. मी बबन. मॅट्रिकला दोनदा बसलो, दोनदा उठलो. धड येतं ते एकच – नक्कल. तलाठ्याचा खोकला, एसटी कंडक्टरचं "पुढं सरका, पुढं काय वाघ हाय काय?", हेडमास्तरांचं इंग्लिश – एकदा ऐकलं की माझ्या नरड्यात बसलंच.

गेल्या दुष्काळात अख्खं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. खडक लागला की सुरुंग लावायचे. बार उडायच्या आधी सुरुंगवाला टेकाडावर चढायचा, लाल फडकं हलवायचा आणि ओरडायचा – "बाऽऽर हायेऽऽ! पळा रं, पळाऽऽ!" आवाज घोगरा, शेवट तुटका. आठ दिवसांत मी तो उचलला. मग काय... मी मातीच्या ढिगामागं जायचो आणि द्यायचो आरोळी. बाया पाट्या टाकून पळायच्या. मुकादम शिव्या घालायचा, "बबन्या, एक दिवस तुज्याच नरड्यात सुरुंग भरीन!"

नामा माझा पहिलीपासूनचा जोडीदार. पहिल्यांदा तोही पळाला होता, मग पोट धरून लोळला. नंतर नंतर तो पळेनासाच झाला. आरोळी आली की आधी बघायचा मी जागेवर हाय का न्हाई. नसलो, तर बसल्या जागी हसायचा.

त्या दिवशी मी रांजणाकडं पाणी प्यायला गेलो होतो. थोडं लांब, ओढ्याच्या अंगाला. तिथं मला आरोळी ऐकू आली. खरी. सगळे पळाले. नामानं माझी जागा बघितली. मी नव्हतो. तो दगडावर तसाच बसला, मान हलवत, हसत. ढिगाकडं बघून काहीतरी बोललासुद्धा, ओठ हललेले दिसले मला. मी जीव खाऊन ओरडलो, "नामाऽऽ, पळऽऽ!" माझ्या स्वतःच्या आवाजात. त्यानं वळून बघितलं नाही.

पुढचं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गावानं ठरवूनच टाकलं – नामा पिऊन बसला होता. "न्हायतर शाना मानूस सुरुंगाजवळ बसंल व्हय?" अहो, नामा तंबाखूसुद्धा खात नव्हता! त्याची आई, अनसामावशी, टँकरच्या रांगेत हे ऐकायची आणि खाली बघायची. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. बोललो असतो तर नामाचं नाव स्वच्छ झालं असतं, आणि माझं...

मग स्वप्न सुरू झालं. रोज पहाटे तेच. नामा दगडावर, ओठ हलतायत, आवाज नाही. खाणं सुटलं. आणि नक्कल गेली! पोरं म्हणायची, "बबन्या, तलाठी कर की," मी तोंड उघडायचो आणि नुसती हवा यायची.

शाळेतल्या शेख गुरुजींनी मला एकदा चावडीपुढं गाठलं. गुरुजींची बायको तीन वर्षांपूर्वी वारली. त्यांनी मला घरी नेलं आणि एक कोरी वही हातात दिली.

"उठल्याबरोबर स्वप्न लिहायचं. तोंड धुवायच्या आधी. चांगलं लिहू नकोस, खरं लिही. मग स्वप्नातल्या माणसाला विचारायचं, बाबा रे, तुला काय म्हणायचंय? आणि हात जे लिहील ते लिहू द्यायचं. खोडायचं नाही."

"ह्यानं काय होतं गुरुजी?"

त्यांनी खाटेखालची ट्रंक ओढून दाखवली. वह्याच वह्या. "मला झोप लागायला लागली," एवढंच म्हणाले.

एकोणीस दिवस लिहिलं. दगड, नामा, ओठ. प्रश्न विचारायचा, खाली जागा कोरी. विसाव्या दिवशी प्रश्न लिहिला आणि हात थांबलाच नाही –

"बस कर की बबड्या. आई भाकरी घिऊन यायलीय. तिला पळवू नगंस."

बबड्या! ह्या नावानं मला फक्त नामा हाक मारायचा, तेही दोघंच असलो तर. चारचौघांत म्हणला तर मी मारायचो त्याला. पण भाकरीचं काही कळेना. नामाची भाकरी रोज सकाळी त्याच्या फडक्यात असायची, मावशी कधी जेवण घेऊन कामावर यायची नाही. म्हणलं, मनाचे खेळ. तरी पाय मावशीच्या घराकडं निघाले, वही काखेत.

मावशी सुपात मिलो, रेशनची तांबडी ज्वारी, निवडत बसली होती.

"ये. किती वाळलास रं."

"मावशी... नामा पिलेला नव्हता."

"मला सांगतूस व्हय? माजं प्वार हुतं त्ये."

मी वही उघडली. वाचायला तोंड उघडलं, आवाज येईना. मावशीचा हात सुपातच होता. खाली बघतच ती म्हणाली,

"पहाटं सपनात येतो त्यो माज्याकडं. रोज. दगडावर बसतो आन् येकच बोलतो. बस कर की बबड्या, आई भाकरी घिऊन यायलीय, तिला पळवू नगंस... तुला तर समदी बबन्या म्हनत्यात, मग ह्यो बबड्या कोन, मला उमगंना झालंय."

वही माझ्या हातातून पडली. मावशीला अक्षर येत नाही. आणि वही माझ्याशिवाय कुणी बघितलेली नव्हती.

"मावशी, तुमी त्या दिशी भाकरी घेऊन निघाल्ता?"

"व्हय. सकाळी दळान न्हवतं. म्हनलं, तू व्हय म्होरं, मी घिऊन येते. त्याला आन् मलाच ठावं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तू कसं इचारतूस?"

मी सगळं सांगितलं. ढीग, आरोळी, इतक्या दिवसांची मजा, सगळं. मावशीनं सूप बाजूला ठेवलं. मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय? ज्यांनी माज्या लेकाला दारुड्या केलं, त्यांस्नी सांग. मी बी येते."

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी सगळ्यांपुढं उभा राहिलो. नामा पिला नव्हता म्हणलं. माझ्या नकलेमुळं बसला म्हणलं. मग मागून कुणीतरी, "आता ह्यो नामाचा आवाज काढतूय बघा!" एक हसला, मग दुसरा. मुकादम म्हणाला, "लई दिसांनी रंगात आलाय गडी." मला रडू फुटलं, तर एकजण टाळ्या वाजवून, "आरं, रडन्याची बी नक्कल हुबेहूब की रं!"

मावशी बायांच्या रांगेत उभी होती. तिनं हातातली पाटी खाली ठेवली आणि घराकडं चालायला लागली. त्यानंतर ती कामावर आली नाही.

स्वप्न त्या दिवसापासून बंद आहे. तिचंही. आवाजही परत आलेत, मी काढत नाही. शेख गुरुजींनी ते पान दोनदा वाचलं, वही मिटून माझ्या हातात दिली. माझ्या मनानंच सगळं रचलं म्हणावं, तर भाकरीचं माझ्या हाताला कसं कळलं? आणि तेच शब्द मावशीच्या कानात कसे गेले?

ते कोडं राहू द्या. मी लिहितोय ते दुसऱ्या कारणानं. तोंडानं सांगितलं तर आमच्या गावात माझं कुणी खरं मानत नाही. हे मासिक आमच्या वाचनालयात येतं. छापलेल्या अक्षराला आवाज नसतो, कदाचित ते वाचून तरी मानतील –

नामा पिलेला नव्हता. त्याला वाटलं, मीच ओरडतोय.