डमीचे डोळे

आमच्या घरात गणपतीचे डोळे आखणारी माणसं दोनच, बाबा आणि मी. पेणजवळ हमरापूरच्या बाजूला आमचं गाव. तिथे ज्याच्या पडवीत साचा आणि रंगाचे डबे, त्याचा तो कारखाना. माती मळायला, साच्यातून मूर्ती काढायला, सोंडेला पॉलिश पेपर घासायला माणसं मिळतात. आखणीला मिळत नाहीत. मूर्ती कितीही सुबक असली तरी डोळे फसले की गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जातं, आणि शेजारी तर टपूनच बसलेला असतो.

मी एसएससी झाले त्या वर्षी बाबांची नजर मंदावायला लागली होती. त्यांना सोडून साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. एका गिऱ्हाइकाने मूर्ती हातात घेऊन विचारलं, "बाप्पा माज्याकडं बघतोय का माज्या बायकोकडं?" बाबांनी दिव्याला दोष दिला. दिवा बदलला. मग ब्रशला दोष दिला. डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून माती मळायला जात.

आईला मात्र मी नर्स व्हायला हवी होते. तिच्या बाळंतपणात आलेल्या नर्सबाईंची पांढरी साडी तिच्या डोक्यात जी बसली ती कायमची. रोह्याला एएनएमच्या कोर्सला माझा नंबर लागला तेव्हा घरात दोन तट पडले. शेवटी बाबा म्हणाले, "जा गो बाय. नापास झालीस तर रडायचं नाय. तुजा पाट हितंच मांडलेला हाय." हा आशीर्वाद होता की शाप, ते मला एसटीत बसून नागोठण्यापर्यंत कळलं नाही. एवढं कळलं होतं की नापास झाले तर जन्मभर तो पाट, आणि पास झाले तर बाबांच्या जागी बसायला कोणी नाही.

नर्सिंगच्या शाळेत माझं पहिलं भांडण चादरीशी झालं. गादीच्या कोपऱ्याला चादर पाकिटासारखी दुमडायची असते. माझ्या कोपऱ्याला नेहमी सोवळ्यासारख्या चुण्या पडत. आमच्या सिस्टर ट्यूटर, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या बाई, चादर ओढून काढत आणि म्हणत, "पुन्हा." त्या पेणच्याच होत्या, पण गाववाली म्हणून त्यांनी मला कधी एक घडीसुद्धा माफ केली नाही. शरीरशास्त्राच्या वहीत मी हृदय काढलं, गुलाबी शेड देऊन, कडेला सोनेरी रेघ. बाईंनी विचारलं, "हे हृदय आहे की मखर?"

इंजेक्शनचा सराव आम्ही वांग्यांवर केला. दुपारी पाण्याची इंजेक्शनं घेतलेली वांगी संध्याकाळी मेसच्या भाजीत पोहत येत. माझ्या खोलीत खांब गावची एक शेतकऱ्याची मुलगी होती, जिभेला हाड नसलेली. ती ताटाकडे बघून म्हणायची, "ह्या पेशंटला मीच मारलाय, मी नाय खायची." मी सुई ब्रशसारखी धरायचे, करंगळी टेकवून, श्वास रोखून. बाई ओरडायच्या, "अगं, टोचायचंय! आखायचं नाही!"

पण खरं संकट डमीने आणलं. डमी म्हणजे आमचा सरावाचा पेशंट, माणसाएवढा पुतळा, कुठे प्लास्टर, कुठे रबर. त्याला आंघोळ घालायची, नाकातून नळी घालायची, एनिमा द्यायचा. किती वर्षांचा होता देव जाणे. नाक उडालेलं, अंगावरचा रंग पोपडे धरून सुटलेला, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक येणार म्हटल्यावर बाईंना त्याची लाज वाटली. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या घरी गणपती करतात ना? याला जरा माणसात आण."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला येत असलेलं काम सांगितलं होतं. मी प्लास्टर कालवून नाक बसवलं, घासून गुळगुळीत केलं, अंगाला रंग दिला, ओठ काढले. सगळ्यात शेवटी डोळे. आता माझ्या हाताला डोळे एकाच तऱ्हेचे येतात, त्याला मी काय करणार? लांबट, टोकाला किंचित वर गेलेले, प्रसन्न. शेवटची बुबुळं टेकवली आणि मागे सरकले. मागे मुली जमल्या होत्या. मग खांबवाली हळूच म्हणाली, "अगो बाय, ह्यो तर बघतोय!" आणि तिने हात जोडले.

आमच्याकडे डोळे आखले की मूर्ती ही मूर्ती राहत नाही. मग तिला आडवी करायची नाही, तिच्यावरून ओलांडायचं नाही, तिच्यासमोर शिवी द्यायची नाही. वर्गातल्या निम्म्या मुली पेणच्या आसपासच्या, त्यांना हे दुधाबरोबर पाजलेलं. रोह्याकडच्या मुलींनाही घरचा गणपती होताच. दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला तेव्हा नाकात नळी घालायला एकही पुढे येईना. आंघोळ घालायला मात्र झुंबड! आणि आंघोळीनंतर कोणीतरी त्याच्या कानामागे जास्वंदीचं फूल खोचलं.

बाई भडकल्या. "उद्या मोदक ठेवाल! पूस ते डोळे." मी म्हटलं, "बाई, आखलेले डोळे पुसत नाहीत." "मग मी पुसते," म्हणून त्यांनी कापसावर स्पिरिट घेतलं आणि तरातरा त्याच्यापर्यंत गेल्या. तिथे थबकल्या. थोडा वेळ त्याने त्यांच्याकडे पाहिलं, थोडा वेळ त्यांनी त्याच्याकडे. मग कापूस ट्रेमध्ये टाकून त्या म्हणाल्या, "राहू दे. परीक्षेनंतर बघू."

परीक्षेआधीच्या रविवारी आई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आली. मी विचारलं, "बाबा काय म्हणतात?"

"काय म्हननार? तू नापास व्हावीस म्हनून देवाला नारळ बोललाय."

"आणि तू?"

"मी दोन बोलले," आई म्हणाली. मग भाकरी मोडता मोडता खाली बघत म्हणाली, "मूर्ती पार नाकाशी धरून डोळे काढतो गो तो. तरी चुकतात."

परीक्षक बाई करड्या आवाजाच्या होत्या, आणि घाटावरच्या. आमच्या भावनांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. माझ्या आधीच्या मुलींनी युक्ती काढली होती. डमीच्या तोंडावर टॉवेल टाकायचा आणि काम उरकायचं. परीक्षक बाई कडाडल्या, "तोंडावर कापड मेलेल्याच्या टाकतात! बाहेर जा." खांबवाली रडत बाहेर आली.

माझा नंबर आला. परीक्षक बाई म्हणाल्या, "एनिमा द्या."

देवा रे! सगळं सोडून हेच. मी ट्रे मांडला, पाणी कोमट आहे का बघितलं, नळीला व्हॅसलीन लावलं. आणि त्याच्याकडे वळले तर तो प्रसन्न नजरेने माझ्याकडेच बघतोय. मी नळी हातात धरून तशीच उभी. "काय झालं?" बाईंनी विचारलं. मला बाबांचा पाट दिसायला लागला.

कारखान्यात तयार मूर्ती हलवायची वेळ आली की बाबा आधी तिच्या पाठीला हात लावून सांगतात, देवा, जरा उचलतो हां. न सांगता उचलायची नाही. मला दुसरं काही सुचेना. मी डमीच्या पाठीला हात लावला आणि म्हटलं, "बाबा, जरा डाव्या कुशीवर व्हायचंय. पोट साफ व्हायला औषध देतेय. लाजू नका, मी पडदा ओढते." पडदा ओढला. चादर लागली तेवढीच सरकवली, बाकी अंग झाकलेलं ठेवलं. नळी घालताना मान वर करून बघायची माझी छाती नव्हती, म्हणून दर थोड्या वेळाने विचारत राहिले, "दुखत नाही ना? झालंच हां." सगळं आवरलं, हात धुतले आणि सवयीने हात जोडून नमस्कार केला.

"एनिमा दिल्यावर पेशंटला नमस्कार करायचा, हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, बाई."

त्यांनी मार्कांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "नमस्कार सोडून बाकी सगळं पुस्तकात आहे. पण कोणी करत नाही. जा."

मी पास झाले. खांबवालीसुद्धा झाली, काठावर. निकाल घेऊन मी गावी आले तेव्हा गणपतीचे दिवस जवळ आले होते आणि पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा मूर्ती नाकाशी धरून बसले होते. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही. आई दारात उभी.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"पास," मी म्हटलं. माझा आवाज मेलेल्यासारखा निघाला. मी जणू त्यांचा हातच तोडत होते.

बाबांनी मूर्ती जपून खाली ठेवली. हात पुसले. पुन्हा पुसले. मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "डोल्यांचं आपरेशन कुटं करतात, ते शिकवलं का गो तुमाला?"

"व्हय बाबा. अलिबागला होतं."

"सुई मारतात डोल्यात?"

"मारतात. पण आधी सांगतात."

"तू आसशील तितं?" ते म्हणाले. "परक्या मानसाचा मला लय भ्याव वाटतो."

इतके दिवस मला वाटत होतं की बाबांना मी फक्त पाटावर हवी आहे. मला रडू आलं, आणि रागही आला. हे आधी सांगितलं असतं तर मी चादरीचे कोपरेसुद्धा लवकर शिकले असते. त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि म्हटलं, "ह्या मूर्तींचे डोळे मी आखते. गणपती गेले की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघायचं."