उंच केलेली जीप

दातांच्या कवळ्या करणाऱ्याला गल्ली दुसरं काय म्हणणार? कवळीवाला. दंतवैद्य लोक जबड्यांचे साचे पाठवायचे आणि हा एका अरुंद खोलीत प्लास्टर, मेण आणि हिरड्यांसाठीची गुलाबी पावडर यांच्या संगतीत बसून त्यांवर दात उगववायचा. काम इतकं बेमालूम, की घालणाराही विसरून कवळीसकट झोपी जायचा. स्वभावाने गरीब, बोलायला कमी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. केसांत पांढरं दिसू लागलं तरी कुणी वळून पाहावं असं त्याच्या हातून काही घडलं नव्हतं, आणि त्याची त्याला खंत आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं म्हणा. ते कळलं दारात जीप आल्यावर.

जीप सासऱ्यांची. डोंगरातल्या वस्त्यांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि तो सगळा त्या जीपमधून. जिथे पायवाटही नाक मुरडायची तिथे ती जायची. पुढे सासऱ्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. समोरचा माणूस दाट धुक्यातून आल्यासारखा दिसू लागला. जीप अंगणात उभी राहून गंजली, उंदरांनी सीटमध्ये संसार थाटले. शेवटी एक दिवस ती ट्रॅक्टरला बांधून त्यांनी लेकीच्या दारी आणली.

"जावईबापू, तुमच्या बोटांत कसब आहे," ते म्हणाले. "फार काही करू नका. नुसती चालती करा. अधूनमधून म्हाताऱ्याला एक चक्कर मारून आणा, झालं."

"अगदी, बाबा. काळजीच सोडा."

सासरे गेल्यावर त्याची बायको जीपभोवती एकदा फिरली. लहानपणी मागच्या फळीवर बसून ती या जीपमधून हिंडली होती. म्हणाली, "अहो, यातलं काही काढायचं झालं ना, तर आधी बाबांना विचारत चला."

"विचारतो की," तो म्हणाला, आणि बोनेट उघडलं.

सुरुवातीला त्याने खरंच जीव ओतला. कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांतली घाण त्याने दात कोरायच्या हत्यारांनी काढली. वायरी बदलल्या, पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज खडखडवून बाहेर काढला. एका सुटीच्या सकाळी इंजिन खोकलं, शिंकलं, आणि असा काही धूर सोडला की शेजारच्या शिंप्याने वाळत घातलेलं पांढरं कापड राखाडी झालं. शिंपी भांडायला म्हणून बाहेर आला आणि टाळ्या वाजवत उभा राहिला. "वा, कवळीवाले! मढं उठवलंत की हो!"

सगळी गल्ली जमा झाली. पोरं चढली, बायका दारात आल्या. कवळीवाल्याला आयुष्यात प्रथमच कानामागे गरम गरम वाटलं. सासऱ्यांनी मागितलेलं काम खरं तर त्याच सकाळी पुरं झालं होतं. पण कौतुकाची चटक वाईट. ती लागली की माणूस ताटातलं सोडून वाढप्याकडे बघायला लागतो.

मग तो मोबाइलवर जुन्या जीपांचे व्हिडिओ पाहू लागला. तिकडे एकेक जीप अशी उंच, रुंद, दांडगी, की जणू आता डरकाळी फोडेल. त्याने नाक्यावरच्या वेल्डरला गाठलं. या वेल्डरला सगळे ठिणगी म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक शर्टाला भोकं होती. ठिणगीने स्प्रिंगचे जाड पाटे घालून जीप वर उचलली. मोठे, खोल खाचांचे टायर आले. पुढे लोखंडी बंपर, वर दिव्यांची रांग. विटलेला हिरवा रंग खरवडून झगझगीत नारिंगी चढला. सासरे फोनवर विचारत, "काय म्हणतेय आमची म्हातारी?" आणि हा म्हणे, "बघालच तुम्ही, बाबा. ओळखणार नाही!"

आतलं जुनंपानं काढायची पाळी आली तेव्हा ठिणगी थबकला. ड्रायव्हरशेजारच्या सीटपाशी, दाराच्या कडेला, एक वाकवलेली सळी बसवली होती. चढताना धरायला म्हणून. तिच्यावर दोरी घट्ट गुंडाळलेली, तेलकट, काळी पडलेली. तिच्या खाली पायरीसारखी एक पत्र्याची पट्टी.

"हे ठेवायचं का?" ठिणगीने विचारलं. "कुणीतरी मुद्दाम हाताने केलेलं दिसतंय."

कवळीवाल्याला बायकोचं बोलणं आठवलं. नाही असं नाही, आठवलंच. पण विचारलं आणि बाबा नको म्हणाले तर? "काढ," तो म्हणाला. "गावठी काम आहे. नव्या रंगात ठिगळ दिसेल."

सळी आणि पट्टी बाकीच्या गंजाबरोबर भंगारात गेल्या.

जीप तयार झाली तेव्हा त्याने सासऱ्यांना बोलावलं, आणि मोठेपणाच्या भरात गल्लीलाही. शिंपी इस्त्रीचा शर्ट घालून आला. सासरे लेकीचा हात धरून आले आणि जीपपाशी आल्यावर त्यांनी तो सोडला. बोनेटवरून हात फिरवला. "गुळगुळीत झालीय," म्हणाले. मग चाचपडत शेजारच्या सीटकडे गेले, उजवा हात वर केला आणि दाराच्या कडेला काहीतरी शोधू लागले.

हात हवेतच बंद झाला. त्यांनी पुन्हा उघडला, थोडा खाली नेला, पुन्हा मिटला. मग पायाने खालची पट्टी शोधली. तीही नव्हती.

"इथे एक दांडा होता," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले.

कवळीवाला पुढे झाला. "तो... काढला, बाबा. नवीन डिझाइनमध्ये बसत नव्हता."

"असं होय." ते म्हणाले, "हिच्या आईसाठी बसवला होता. ती बुटकी. तिला चढता यायचं नाही."

कवळीवाल्याने सासूला पाहिलेलं नव्हतं. त्याच्या लग्नाआधीच ती गेली होती. त्याने बायकोकडे बघायचं टाळलं.

आता सासऱ्यांना वर चढवायचं कसं? जीप छातीला लागत होती. शिंप्याने घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. सासरे त्यावर चढले, स्टूल डगमगलं, चप्पल निसटून खाली पडली. दोघांनी काखेत हात घालून त्यांना पोत्यासारखं वर घेतलं. कुणीतरी हसलं, वाईट हेतूने नाही, पण हसलं. ते हसू कवळीवाल्याला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. त्या क्षणी ती खरोखरच फाटली असती तर त्याने चपला काढून आत पाऊल टाकलं असतं.

चक्कर मारून झाली. सासरे उतरताना म्हणाले, "छान केलीत. एकदम नवी." एवढंच. रागावले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याकडे धावला. भंगारवाला हसला. "साहेब, ते केव्हाच गाडीत भरून गेलं. आता वितळून कुणाच्या तरी खिडकीचे गज झाले असतील."

तिथेच त्याने खरं बोलायचं ठरवलं असतं तर गोष्ट इथे संपली असती. पण खोटं खऱ्यासारखं करणं हा तर त्याचा धंदा. त्याने ठिणगीकडून तशीच सळी वाकवून घेतली. दोरी गुंडाळली. कवळीतल्या नव्या दाढेला जशी झीज आणतात, तशी पॉलिशच्या चाकावर धरून दोरीला झीज आणली. चहाच्या पाण्यात भिजवली, तेल चोळलं, मळ भरला. मग सळी जीपला बसवली आणि घरात येऊन सांगितलं, "अगं, दांडा सापडला. भंगाराच्या ढिगात, अगदी तळाशी होता."

बायको हातातलं काम टाकून बाहेर पळाली. दांडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. डोळे भरून आले होते. "किती शोधलं असेल हो तुम्ही!" ती म्हणाली आणि लगेच वडिलांना फोन लावला.

सासरे आले. लेकीने त्यांचा हात नेऊन दांड्यावर ठेवला. त्यांचा अंगठा दोरीवरून वर गेला, खाली आला, मध्ये थांबला.

"ढिगात होता म्हणता?"

"हो, बाबा. तळाशी."

"बरं झालं. मिळाला ते बरं झालं." त्यांनी चहा घेतला, लेकीची थट्टा केली, आणि गेले.

त्यानंतर बायको त्याच्याशी अशी काही मायेने वागू लागली की त्याला घास गिळवेना. भाजीला जाताना ती उगाच जीपपाशी थांबायची, दांड्याला हात लावायची. शिंप्याला सांगायची, "ह्यांनी उकिरडा उपसला हो आईच्या दांड्यासाठी." कवळीवाला घरात असेल तर आतल्या खोलीत जायचा. केलेल्या चुकीची लाज एक. पण न केलेल्या चांगुलपणाचं कौतुक ऐकायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. कामावर त्याच्या हातून कवळ्या बिघडू लागल्या. एका आजोबांना आजींचे दात गेले, आणि दंतवैद्याने फोनवर त्याची चांगलीच खरडपट्टी काढली.

शेवटी तो एकटाच सासऱ्यांकडे गेला. ते दाराच्या बिजागरीत तेल सोडत होते, बोटाने चाचपून.

"बाबा, तो दांडा तो नव्हे," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मी केलाय."

"माहीत आहे." त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "तिचा हात लहान होता. दोरी तिच्या मुठीच्या मापाने गुंडाळली होती मी. तुमची तुमच्या मुठीला बसते."

कवळीवाल्याने स्वतःची मूठ मिटून पाहिली. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाची मापं घेणारा माणूस. इथे कुणाचा हात, हे त्याने विचारलंही नव्हतं.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"लेक किती हरखली होती. तिच्यादेखत तुम्हाला खोटं पाडू?" सासऱ्यांनी चाचपून बुधलीचं बूच लावलं. "दांडा गेला, जाऊ दे. लोखंडच ते. पण तुम्ही सापडला म्हणालात ना, तेव्हा हात लावेपर्यंत मला खरं वाटलं होतं. तेवढं करायला नको होतं."

चुकलो म्हणावं तर तो शब्द फार स्वस्त वाटला. तरी कवळीवाला तोच म्हणाला, कारण दुसरा नव्हता.

"आता तिला कोण सांगणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं, ठिणगीने विचारलं होतं तेही गाळलं नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. तिने फक्त स्वतःचा उजवा तळवा उलटा करून पाहिला, पदराला पुसला. "रोज धरत होते मी तो," ती म्हणाली. "आईचा हात धरल्यासारखा." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी वेळ नुसता नळ वाहत राहिला.

पुढल्या सुटीला त्याने ठिणगीला बोलावून जीप खाली उतरवायला घेतली. जाड पाटे निघाले, खोल खाचांचे टायर गेले. गल्लीतल्या चारचौघांत शिंपी बघत उभा. सगळ्यांदेखत त्याने विचारलं, "अहो, एवढी चढवलेली आता उतरवताय? रुबाबच गेला की!"

काहीतरी तांत्रिक कारण सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. कवळीवाला म्हणाला, "सासऱ्यांना चढता येत नव्हतं. गाडी त्यांची, आणि मी त्यांनाच विचारलं नव्हतं. आणि तो दांडा मला सापडलेला नाही. तोही मीच केलेला." शिंप्याने उगीचच एका टायरला पायाने ढोसून पाहिलं आणि तो घरात गेला. कवळीवाल्याचे कान लाल झाले होते, पण या खेपेस तो आतल्या खोलीत गेला नाही. पाना उचलून पुन्हा जीपखाली शिरला.

खाली नवी पायरी बसवली, ती सासऱ्यांना फोन करून, उंची विचारून. बनावट दांडा काढायचा का, हेही विचारलं. ते म्हणाले, "राहू द्या. मला लागेल." नारिंगी रंग मात्र तसाच राहिला. सासऱ्यांना तो दिसत नव्हता, आणि कवळीवाल्याला तो रोज दिसावा हेच बरं, असं बायकोचं मत पडलं.

मग सासरे आले आणि कुणाचाही हात न धरता वर चढून बसले. बायको मागच्या फळीवर. ती अजूनही नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. कवळीवाला स्टीयरिंगवर बसला, पण त्याने किल्ली फिरवली नाही. कितीतरी दिवस मनात घोळत होतं ते विचारून टाकलं. "बाबा, आई कशा होत्या हो?" लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न त्याने कधी केला नव्हता.

"कशी होती?" सासरे हसले. "लबाड होती. मी पंपावर असताना जीप चालवायला शिकली, मला पत्ता नाही. एकदा नेऊन घातली गवताच्या गंजीत. मी आलो तर म्हणते, आपली आपण घरंगळली बघा. मी आपला येडा, कित्येक महिने हँडब्रेक खोलतोय आणि बसवतोय, खोलतोय आणि बसवतोय! ब्रेकला काही झालेलंच नाही!"

"मग कळलं कसं?" मागून बायकोने विचारलं. ही गोष्ट तिनेही ऐकली नव्हती.

"शेवटी तिनेच हसत हसत सांगितलं. तसं कळायचं काय त्यात? तिच्या अंबाड्यात गवत होतं. मला तेव्हा दिसलं होतं, पण मी म्हटलं, बाईमाणूस आहे, लागलं असेल कुठेतरी!"

बायको खळखळून हसली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि सासरे मागे वळून हवेतच तिच्या पाठीवर थापटू लागले. कवळीवाल्यालाही हसू येत होतं, पण त्यात सामील व्हायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याने नजर समोर ठेवली.

"हं, चला आता," सासरे म्हणाले. "पंपाच्या जुन्या रस्त्याने घ्या. मी सांगतो कुठे वळायचं ते."

"सांगा," कवळीवाला म्हणाला, आणि त्याने किल्ली फिरवली.