पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या हॉलमधलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असायचं. ते बिघडलेलं नव्हतं, मुलानंच मुद्दाम तसं लावलं होतं. तो वाळूजला कंपनीत होता आणि कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर सकाळी पावणेसातला यायची. ती कुणासाठी थांबत नसे. घड्याळ पुढं असलं म्हणजे आपण लवकर निघू, असा त्याचा हिशोब. पण ज्यानं घड्याळ पुढं केलं त्यालाच ते माहीत असणार ना. तो काट्याकडं बघायचा, मनातल्या मनात पंधरा मिनिटं कमी करायचा, निवांत चहा प्यायचा आणि शेवटी एका पायात बूट घालून पळत सुटायचा. मग मिळवलं काय, असं मी एकदा विचारलं.

"आई, तुला नाय कळायचं ते," म्हणाला.

मी चौथी शिकलेली. नसेल कळत.

तेव्हा दुष्काळाची सालं चालली होती. पैठणचं धरण तळाला गेलेलं, आणि आमची वसाहत नवी. घरं आधी उभी राहिली, नळ मागून येणार होते. तोवर टँकर. माझ्या माहेरची निम्मी जमीन त्याच धरणात गेली आणि मी शहरात टँकरपुढं घागर घेऊन उभी. यावर मी काही बोलत नाही. बोलून ड्रम भरत नाही.

टँकर दुपारी पावणेचारला गल्लीच्या तोंडाशी यायचा. आमच्या घड्याळात तेव्हा चार वाजलेले असायचे. सुरुवातीला मी घड्याळात पावणेचार बघून खऱ्या साडेतीनलाच सगळ्यांना बाहेर काढलं. अर्धी गल्ली उन्हात उभी राहून मला शिव्या देत होती. टँकर आला तेव्हा मी ड्रायव्हरला झापलं.

"अम्मा, मेरेकू कायकू बोलते? मैं टाइमपेच आया," तो म्हणाला. "तुम्हारी घड्याळ को बोलो."

त्या दिवसापासून मी नातीला शिकवलं. घड्याळ बघायचं, पाव तास कमी करायचा आणि मग खरं किती वाजले ते ओरडून सांगायचं. नात दुसरीत होती. हुशार पोरगी, चार दिवसांत शिकली. आमच्या दारातून हॉलचं घड्याळ दिसायचं, म्हणून शेजारची चार पोरंही दारात येऊन बसायला लागली. ड्रम रांगेत, ड्रमवर पोरं आणि पोरांसमोर घड्याळ. बाकीच्या बायका घरात झोपा काढायच्या.

त्याच सुमाराला शाळेतून निरोप आला की मुलांना इंग्रजीत वेळ सांगायला शिकवतोय, घरी सराव घ्या. ही पाचही पोरं एकाच इंग्रजी शाळेत, एकाच वर्गात. सून क्रांती चौकात कापडाच्या दुकानात बिलं करायची, रात्री थकून यायची. ती मला म्हणाली, "आई, तुम्हीच घ्या ना सराव."

"मी? इंग्रजीचा?"

"घड्याळ कळतं ना? मग चारच शब्द आहेत. तेवढे पाठ करा."

तिनं सांगितले ते मी भाकरी थापता थापता पाठ केले. ओ क्लॉक, क्वार्टर पास्ट, हाफ पास्ट, क्वार्टर टू. म्हणजे आपलं पूर्ण, सव्वा, साडे आणि पावणे. एवढ्यासाठी ते शाळेची फी घेतात हे बघून मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ड्रमवरच्या पोरांपुढं एक भाकरी घेऊन बसले. तिचे चार भाग केले आणि एक उचलून दाखवला. "हा पाव. याला इंग्रजीत म्हणायचं क्वार्टर."

"मला माहितीये क्वार्टर," शेजारणीचा पोरगा म्हणाला. "आमचे पप्पा शनिवारी आणतात."

त्याची आई खिडकीत उभी होती. खिडकी बंद झाली.

मी तो पाव बाजूला ठेवला, तर दुसऱ्या पोरानं खाऊन टाकला. मग उरलेल्या तीन भागांवर पावणेचार शिकवलं. शिकवणी जोरात चालली. आधी घड्याळ बघायचं, मग पाव तास कमी करायचा, मग इंग्रजीत सांगायचं. काटे चारवर आले की पाचही पोरं एका सुरात ओरडायची, "क्वार्टर टू फोर!" आणि कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजायचा. महिनाभर एकदासुद्धा चुकलं नाही. टँकरचा ड्रायव्हर म्हणायचा, "अम्मा ने तो कॉलेज खोल दिया."

मग शाळेत परीक्षा झाली आणि नात रडत घरी आली. बाईंनी हिच्यासकट पाचही पोरांना कॉपी केली म्हणून उभं केलं होतं. पाचही जणांची उत्तरं चुकलेली आणि सगळ्यांची चूक एकच. नात सगळ्यात हुशार, म्हणून तिनंच बाकीच्यांना दाखवलं असा संशय. दुसऱ्या दिवशी पालकांनी यायचं, नाहीतर नाव मुख्य बाईंकडं जाणार.

"आज्जी, मी नाय दाखवलं. मी तर पहिल्या बाकावर होते," ती म्हणत राहिली. रात्री जेवली नाही. मी तिला जवळबिवळ घेतलं नाही. रडून झालं की तोंड धू, एवढंच म्हटलं. पण मलाही जेवण गेलं नाही.

सकाळी शेजारीण दारात आली. "काकू, तुमच्या शिकवणीनं आमचं पोरगं चोर ठरलं."

"मग तू शिकवायचं होतंस. झोपा मोडल्या असत्या."

मुलगा पहिल्या पाळीला, सुनेला सुट्टी नाही. मीच गेले. बाई तरुण होत्या, पंचवीसेक वर्षांच्या. त्यांनी पाच पेपर माझ्यापुढं मांडले. पेपरवर गोल गोल घड्याळं छापलेली.

"हे बघा आजी. इथं साडेचार वाजलेत. हिनं लिहिलंय सव्वाचार. इथं तीन, हिनं लिहिलंय पावणेतीन. इथं सव्वासहा, तर सहा. पाचही मुलांचं अगदी हेच. एवढ्या सारख्या चुका कॉपी केल्याशिवाय होतात का?"

मी बघितलं आणि मला सगळं कळलं. आता हसावं की तोंड लपवावं, ते कळेना.

"बाई, हे बरोबर आहे," मी म्हटलं.

"बरोबर?"

"लेकरांनी पाव तास कमी केलाय. घड्याळ पुढं असतं ना."

"आजी, चित्रातलं घड्याळ पुढं कसं असेल?"

"ते मला कळतं. त्यांना कसं कळावं? त्यांनी आयुष्यात बरोबर चालणारं घड्याळ बघितलेलं नाय."

बाईंना पटलं नाही. त्यांनी नातीला बोलावलं, पुठ्ठ्याच्या घड्याळावर काटे पाचवर आणले आणि इंग्रजीत विचारलं, किती वाजले? नातीनं पुठ्ठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"टीचर, कोणतं सांगू? यातलं का खरं?"

बाई हातातला खडू खाली ठेवून हसल्या. पण लगेच तोंड सरळ केलं. "कॉपी नाही, मानलं. पण उत्तर चूक ते चूकच. शनिवारी पाचही जणांची पुन्हा घेते. तेव्हाही असंच आलं तर नापासच करावं लागेल."

मला ती बाई आवडली.

घरी येऊन मी खुर्चीवर चढले आणि घड्याळ नीट लावलं. संध्याकाळी मुलाला सांगितलं, तर तो वैतागला. "माझी बस?"

"आता दिसेल तेच खरं. सरळ बघ आणि जा."

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजलेले बघून त्यानं सवयीनं पाव तास कमी केला आणि दुसरा चहा मागितला. मी म्हटलं, अरे जा. "लई वेळ आहे," म्हणाला. बस गेली. कोपऱ्यावरून परत आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. शेअर रिक्षानं धक्के खात गेला आणि तिथं सुपरवायझरचं ऐकून घेतलं.

नात म्हणाली, "बाबा, आता वजा नाय करायचं. मला पण आज्जीनं सांगितलंय."

पोरांची सवय मोडणं त्याहून अवघड होतं. मी कोळशानं ड्रमांवर घड्याळं काढली आणि रोज तासभर विचारत बसले. हे किती? तीन. "पोरांनो, डोकं चालवायचं नाय. दिसतं तेवढंच सांगायचं." असं शिकवताना मलाच लाज वाटत होती. शेजारणीचा पोरगा दर वेळी आधी पाव तास कमी करून सांगायचा, मग जीभ चावायचा. नात मात्र आधी नुसते ओठ हलवत राहायची. ती मनात कमी करतेय का, ते मला दिसत नव्हतं. शुक्रवारी रात्री मी तिला विचारलं, "उद्या काय करशील?" तिनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

शनिवारी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. चार पोरं आधी बाहेर आली, पास झालो म्हणत पळाली. नात शेवटी आली, दप्तर ओढत.

"काय झालं?"

"सगळी बरोबर."

"मग तोंड का असं?"

"टीचरनं शेवटी मला एकटीला थांबवलं. हातातलं घड्याळ दाखवलं, व्हॉट इज द टाइम विचारलं. मी म्हटलं, इट इज क्वार्टर टू ट्वेल्व्ह. टीचर गुड म्हणाल्या."

"मग झालं की."

"पण आज्जी, त्यांचं घड्याळ पुढं होतं. शाळेची पावणेबाराची घंटा तेव्हा झालीच नव्हती. मला माहीत होतं."

"मग सांगितलं नाय ना?"

"पास झाल्यावर सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पाच मिनिटं पुढं आहे, कुणाला सांगू नको. आणि सोमवारपासून मी वर्गाची मॉनिटर आहे."

मी तिचं दप्तर घेतलं नाही. मॉनिटर झाली होती, उचलेल तिचं ती.