मार्थानं विनलेली जाळी

...बरं पूजा, ते मिशनातल्या मडमांचं ऱ्हाऊ दे. त्यांनी मार्थाच्या आजीला जाळी विनायला शिकवली, एवढंच तुझ्या वहीत लिही. आता मार्थाचं घे.

तिसगावात आपल्या भिंतीला भिंत लागून ऱ्हाती ती. बहीन बाळंतपनात गेली, तिची क्रिस्टीना हिनंच वाढवली. लग्न ठरलं तवा पोरगीच गळ्यात पडली, "मावशी, चर्चात डोक्यावर घ्यायची जाळी तूच कर. दुकानातली नको मला."

मार्था बसली की मग. जवसाच्या धाग्याला गाठी मारत आधी जाळी विनायची, मग सुईनं एकेक घर भरत नक्षी. मडमा द्राक्षाचा वेल भरायच्या, हिनं बाजरीची कनसं भरली. डोळ्यात मोतीबिंदू. मी म्हनायचे, "अगं, आंधळी हुशील." तर म्हनायची, "मग हुईन. आधी पोरीला नटलेली बघू दे."

संक्रांतीला क्रिस्टीना आली, डोक्यावर धरून बघितली, "अजून लांब पायजे" म्हनली. हिनं कड उसवून लांब केली. लग्नाच्या आदल्या दिवशी "इस्त्रीला नेते" म्हनून पोरगी जाळी घेऊन गेली.

चर्चात नवरी आली ती चमचमत्या नायलॉनच्या जाळीत. मार्थाला वाटलं, आपल्यालाच नीट दिसंना. शेजारी पार्लरवाली रेश्मा हुती, तिला इचारलं. ती भाबडी, म्हनली, "मावशी, ही तर तिनं दिवाळीलाच पसंत केल्ती की."

दिवाळीला. आन् माप दिलं संक्रांतीला.

मांडवात बुंदीच्या परातीवर तिची कनसं दिसली, पाकानं चिकट झाल्याली. हिनं जाळी उचलली तसा वाढपी म्हनला, "आजी, ऱ्हाऊ द्या की. माशा बसत्यात म्हनून नवरीनंच दिलीय झाकायला."

तशीच काखेत घालून घरी आली. जेवली न्हाई.

आता क्रिस्टीनाला लेकरू झालंय. बाप्तिस्म्याला मावशीच्या हातचं जाळीचं झबलं पायजे, असा काल तुझ्या मोबाईलवर निरोप आला न्हवं का? मी मार्थाला सांगितलं. ती शेंगा फोडत ऱ्हायली. टरफलं सुपात सारून म्हनली, "दुकानातलं घे म्हनावं."

तवा तू क्रिस्टीनाला एवढं धाड, मावशी न्हाई म्हनली. आन् माझं म्हनून सांग, पुन्ना फोनवर मागू नकू. मागायचंच असंल तर हितं येऊन तिच्यापुढं बस.